शाळकरी मुले, मोबाइल ॲप आणि अडचणींची वही

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा शब्दबद्ध पाठ)





संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मला विषय देताना मा. सचिवांनी सांगितले, "मुलांना मोबाइलचे ॲप तयार करायला शिकवावे का, आणि शिकवायचेच तर कसे, यावर बोला." त्यामागे कारण आहे. या वर्षी आपण संगणक कक्षाचे नूतनीकरण हाती घेतले आहे आणि त्याला जोडून शाळाशाळांमधील मुलांची ॲप-स्पर्धा भरवावी, असा विचार चालू आहे. तेव्हा माझे आजचे बोलणे हे व्याख्यान तर आहेच, पण विश्वस्तांपुढे ठेवलेली एक विनंतीही आहे, असे समजावे.

प्रारंभीच कबूल करतो की मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे गणित शिकवले. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेची योजना सुरू केली आणि बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे देशातील निवडक शाळांत पोचली, हे आम्ही तरुण शिक्षकांनी मोठ्या कुतूहलाने वाचले होते. आमच्या शाळेत संगणक आला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आल्यावर त्याच्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढले, खोलीला कुलूप लागले आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. मुलांना आठवड्यातून एकदा, चपला बाहेर काढून, त्याचे दर्शन घडत असे. मी हे विनोदाने सांगत असलो तरी आज आपण नवी यंत्रे घेताना ते ध्यानात ठेवावे, अशी माझी इच्छा आहे.

निवृत्तीनंतर बोर्डिंगच्या मुलांसाठी आणि गावातील इतर मुला-मुलींसाठी मी रविवारी सकाळी ॲपचा वर्ग सुरू केला. त्या वर्गात माझ्या हातून काय चुकले आणि मुलांनी मला काय शिकवले, ते सांगण्यासाठी मी उभा आहे.

प्रथम या विद्येचा थोडा पूर्वेतिहास. मुलांनी संगणकासाठी स्वतः आज्ञावली लिहावी, ही कल्पना मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. सीमोर पेपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. बालकांची बुद्धी कशी विकसित होते याचा शोध घेणारे झां पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हा येथे काम केले आणि पुढे ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आले. वॉलेस फ्यूर्झिग आणि सिंथिया सॉलोमन या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणक-भाषा तयार केली. पडद्यावरील कासवाला पुढे जा, वळ, रेघ ओढ, अशा आज्ञा देत मूल भूमिती शिकत असे. संगणकाने मुलाला धडे द्यावेत, यापेक्षा मुलानेच संगणकाला शिकवावे, हा पेपर्ट यांचा आग्रह होता. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात त्यांनी तो सविस्तर मांडला. त्याच परंपरेत मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७ साली 'स्क्रॅच' आणले. त्यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवले की आज्ञावली तयार होते.

मोबाइलसाठी हीच सोय 'ॲप इन्व्हेंटर'ने केली. एमआयटीचे प्राध्यापक हॅल ॲबेलसन यांच्या पुढाकाराने ते २०१० साली गूगल कंपनीत सुरू झाले आणि २०१२ पासून एमआयटीने ते चालवण्यास घेतले. ते विनामूल्य आहे. संगणकाच्या पडद्यावर दोन दालने असतात. एकात ॲपचे बाह्यरूप मांडायचे, म्हणजे बटण कोठे, चित्र कोठे, अक्षर केवढे. दुसऱ्यात ठोकळे जोडून त्याचे वागणे ठरवायचे, म्हणजे हे बटण दाबले तर तो आवाज येईल, इतके वाजले तर ते चित्र दिसेल. शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर आपण केलेला बदल लगेच पाहता येतो. ठोकळ्यांवरील शब्द इंग्रजी आहेत, परंतु ते मोजकेच असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना दोन-तीन रविवारांत ते सरावाचे होतात. मला त्याहून अधिक रविवार लागले.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी जसे गणित शिकवीत आलो तसेच हेही शिकवले. फळ्यावर उदाहरण सोडवायचे आणि मुलांनी तसेच वहीत उतरवायचे. ॲप इन्व्हेंटरच्या सुरुवातीच्या धड्यांपैकी एक मांजराचा आहे. चित्रातील मांजराला बोट लावले की ते म्यांव करते. सर्व मुलांनी मांजर केले. मग गणकयंत्र केले, मग पाढ्यांची प्रश्नमंजूषा केली. वर्षाअखेरीस आपण याच सभागृहात प्रदर्शन भरवले. पालक आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रही आले. मी समाधानाने घरी गेलो.

तीन महिन्यांनी सहज म्हणून मी मुलांना विचारले, "त्या ॲपपैकी आज कोणाकोणाच्या मोबाइलवर काय आहे?" एकही हात वर आला नाही. एका मुलाने खाली मान घालून सांगितले, "सर, आमच्या घरी गणकयंत्र आधीच होतं की मोबाइलमध्ये." मी त्याला उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या सुमारास मुंबईतील धारावीच्या मुलींविषयी वाचनात आले. नवनीत रंजन हे चित्रपट-दिग्दर्शक. धारावीवर माहितीपट करण्याच्या निमित्ताने ते तेथे गेले आणि पुढे 'धारावी डायरी' हा उपक्रम त्यांनी उभा केला. तेथील शाळकरी मुलींनी याच ॲप इन्व्हेंटरवर काम केले. २०१६ च्या सुमारास देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. त्यांच्या एका ॲपचे नाव 'पाणी'. सार्वजनिक नळावर पाणी येते ते ठरावीक वेळ, आणि त्यासाठी रांगेत उभे राहावे लागते ते बहुधा घरातल्या मुलीला. तेव्हा मोबाइलवरून रांगेत नंबर लावायचा आणि आपली पाळी आली की सूचना यावी, अशी ती योजना. दुसरे ॲप रस्त्यात छेडछाड झाली तर एका बटणात मोठा भोंगा वाजवणारे आणि आपण कोठे आहोत ते घरच्यांना कळवणारे. तिसरे घरी राहून शिकू इच्छिणाऱ्या मुलींसाठी.

बंधू-भगिनींनो, ही ॲप किती लोकांनी वापरली, ती किती दिवस टिकली, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. मला थांबवले ते 'पाणी' या नावाने. ती अडचण कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नव्हती. ज्या मुलीने ठोकळे जोडले तिच्याच डोक्यावर ती घागर होती. माझ्या वर्गातले मांजर कोणाचेच नव्हते.

दुसऱ्या वर्षी मी संगणक कक्ष पहिले सहा रविवार उघडलाच नाही. एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर 'अडचणींची वही' असे लिहिले. प्रत्येक मुलाने आठवडाभरात डोळ्यांनी पाहिलेली एक अडचण तिच्यात नोंदवायची. अट एवढीच की ती कोणा एका माणसाची हवी आणि त्या माणसाशी बोलून आलेले असले पाहिजे. आरंभी मुलांनी 'प्रदूषण', 'भ्रष्टाचार', 'वाढती लोकसंख्या' अशा नोंदी केल्या. निबंधाच्या सवयीचा तो परिणाम. मी त्या खोडल्या. हळूहळू नोंदी लहान होऊ लागल्या आणि मग खऱ्या होऊ लागल्या. 'शेजारच्या काकूंना गॅसचा नंबर लावता येत नाही, मला सांगतात.' 'एसटी गेली की यायची आहे ते थांब्यावर कळत नाही.' 'पप्पांच्या दुकानात उधारीच्या दोन वह्या आहेत व दोन्हींत वेगळे आकडे आहेत.' ही शेवटची नोंद ज्याने केली त्याच्या वडिलांनी मला रस्त्यात गाठून सौम्य शब्दांत कानउघाडणी केली, आणि ती योग्यच होती. तेव्हापासून घरची गोष्ट लिहिण्यापूर्वी घरी विचारायचे, हा नियम झाला.

या वहीतील दोन नोंदींविषयी मी थोडे विस्ताराने बोलतो.

पहिली आपल्या बोर्डिंगची आहे. येथे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, हे आपण जाणताच. उन्हाळ्यात त्याची अडचण पडत नाही. परंतु डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वरच्या वर्गातील कित्येक मुले प्रात्यक्षिके, शिकवण्या यांमुळे तोवर पोचत नाहीत. मुले उपाशी राहतात वा बाहेर काहीबाही खातात, आणि इकडे भटारखान्यात त्यांच्या वाट्याचे अन्न उरते. नोंद करणाऱ्या तीन मुलांनी लगोलग उपायही सुचवला. प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये ॲप असेल, साडेपाच वाजता ते मुलगा कोठे आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने ओळखेल, आणि तो दूर असेल तर भटारखान्यातील मोबाइलवर संदेश जाईल. ॲप इन्व्हेंटरमध्ये स्थान ओळखणारा आणि संदेश पाठवणारा, असे दोन्ही ठोकळे आहेत. दोन रविवारांत नमुना तयार झाला. आपल्या गृहपतींना तो इतका पसंत पडला की, "साडेपाचच का, दिवसभर का नको?" असे त्यांनी विचारले. येथे ते उपस्थित आहेत आणि मी हे सांगावे याला त्यांची अनुमती आहे.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सायकली ठेवतात तेथे एक मुलगा माझ्यासाठी थांबला होता. त्याने विचारले, "सर, हे ॲप सगळ्यांना घ्यावंच लागेल का?" मी म्हणालो, "का रे? तुला काय त्रास आहे?" तो बराच वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करीत राहिला. मग त्याने सांगितले की, त्याला प्रात्यक्षिक नसते. तो रोज दोन तास एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो आणि ते पैसे घरी पाठवतो. मित्रांना हे ठाऊक नव्हते. त्याला ते ठाऊक होऊ द्यायचे नव्हते.

मित्रहो, मी ३१ वर्षे शिक्षक होतो. वर्गातला मुलगा उशिरा का येतो, हे त्याला विचारण्याचे मला सुचले नाही, आणि तो कोठे आहे हे यंत्राने सांगावे या योजनेला मी 'शाबास' म्हणालो होतो. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असे तो सांगतो. पण त्या मुलाच्या पालकांनी सही दिली असती तरी त्याचा प्रश्न सुटला नसता. मुलांना ठोकळा जोडण्यापूर्वी आम्ही आता तीन गोष्टी विचारतो. ही माहिती कोण पाहणार? ती किती दिवस राहणार? आणि जो नको म्हणेल त्याचे काय?

मी त्या मुलाचा उल्लेख न करता मुलांना एवढेच सांगितले की, ज्यांच्यासाठी हे ॲप आहे त्या भटारखान्यातील मावशींशी तुम्ही अजून बोललेला नाहीत. मुले गेली. मावशींनी मोबाइलकडे पाहिलेही नाही. त्या म्हणाल्या, "बाळांनो, मला साडेपाचला कळून काय उपयोग? कणीक मी तीनला भिजवते. कोण येणार नाही ते मला सकाळी सांगा. आणि माझे हात पिठात असताना मी तुमचा मेसेज वाचू कशाने?"

सारा नमुना त्या दोन वाक्यांत कोसळला. मुलांचा चेहरा उतरला होता. मला मात्र इतक्या वर्षांत वर्गात असा आनंद क्वचित झाला असेल, कारण मुलांनी त्यानंतर जे केले ते मी शिकवलेले नव्हते. त्यांनी मावशींच्या दिवसाची वेळापत्रिका लिहून काढली. किती वाजता भाजी चिरली जाते, किती वाजता पीठ मोजले जाते, हे सारे. मग सुताराकडून एक फळी आणली, तिला मुलांच्या संख्येइतके खिळे मारले आणि प्रत्येकाच्या नावाची एक लाकडी चकती केली, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल. सकाळी बाहेर पडताना ज्याला उशीर होणार असेल त्याने आपली चकती उलटायची. कारण सांगायचे नाही. लाल चकती दिसली की मावशी त्याचा डबा सकाळीच भरून देतात आणि तो जेथे असेल तेथे सूर्यास्तापूर्वी जेवतो. ॲप नाही, वीज नाही. एकूण खर्च सुताराची मजुरी. पुढे मुलांनी लाल चकत्यांवरून पिठाचा हिशेब करणारे एक छोटे ॲप मावशींसाठी केले, ते त्यांनी हसून परत केले. "तेवढं माझ्या हाताला कळतं," असे त्या म्हणाल्या.

दुसरी नोंद आठवीतील एका मुलीची. तिच्या आजींना सकाळी एक आणि रात्री एक अशा दोन वेगळ्या गोळ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. आजींना वाचता येत नाही. चुकीच्या वेळी चुकीची गोळी घेतल्याने त्यांना एकदा चक्कर आली होती. येथे आधी स्पष्ट करतो की, कोणती गोळी केव्हा घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिले आणि घरच्यांनी तपासले. औषध ठरवणे हे मुलांचे काम नव्हे.

मुलीने ॲप केले. वेळ झाली की तिच्याच आवाजात "आजी, गोळी घ्या" असे वाजायचे आणि पडद्यावर गोळीच्या पाकिटाचे छायाचित्र दिसायचे. वर्गात ते उत्तम चालले. घरी पहिल्याच रात्री वाजले नाही. ॲप इन्व्हेंटरने केलेले ॲप बंद केले की त्यातील घड्याळही थांबते, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळले. मुलगी रडवेली झाली. मग तिनेच मार्ग काढला. वाजण्याचे काम मोबाइलच्या मूळ गजराकडे सोपवायचे, आणि गजर झाल्यावर ॲप उघडून चित्र पाहायचे. म्हणजे जे आधीच आहे ते पुन्हा करायचे नाही, जे नाही तेवढेच करायचे. गणकयंत्राच्या बाबतीत मला जे कळले नव्हते ते तिला कळले.

अडचणी संपल्या नाहीत. मोबाइल वडिलांचा, आणि ते रात्री नऊपर्यंत दुकानात. घरात कोठेतरी काकांचा जुना, काच तडकलेला मोबाइल पडून होता. त्याला सिमकार्ड नव्हते, पण गजराला आणि या ॲपला सिमकार्ड लागतच नाही. तो उपयोगी पडला. पुढच्या महिन्यात औषधाच्या दुकानातून त्याच औषधाचे दुसऱ्या कंपनीचे पाकीट आले आणि छायाचित्र जुळेना. या वेळी उपाय आजींनी सांगितला. त्यांनी स्टीलच्या दोन डब्या काढल्या आणि एकीला लाल दोरा बांधला. आई दर रविवारी त्या भरते. ॲपमध्ये पाकिटाऐवजी डबीचे छायाचित्र आले, आणि पाकीट कोणतेही असो, चित्र बदलण्याची गरज उरली नाही.

त्या ॲपमध्ये 'घेतली' असे एक बटण होते. ते दाबले की तारीख नोंदली जाई. सुरुवातीस ॲप बंद केले की ती नोंद पुसली जात असे. मग तिने मोबाइलमध्ये कायम राहणाऱ्या साठवणीचा ठोकळा शोधून काढला. एक महिना सर्व नोंदी व्यवस्थित. एका रविवारी आईने डबी उघडली तर तीत दोन गोळ्या शिल्लक. नोंद मात्र सातही दिवसांची. आजी प्रामाणिकपणे म्हणाल्या, "ते बटण दाबलं की तुझा आवाज थांबतो, म्हणून दाबते." मुलगी पुढच्या रविवारी वर्गात येऊन म्हणाली, "सर, बटण दाबलं म्हणजे गोळी घेतली असं होत नाही." मोठमोठ्या कार्यालयांतील संगणकांवर भरलेले तक्ते पाहताना मला हे वाक्य नेहमी आठवते.

तिने 'घेतली' हे बटण काढून टाकले. आता रविवारी डबीतील उरलेल्या गोळ्या मोजतात, आणि रात्रीची गोळी ती स्वतः आजींच्या हातावर ठेवते. ॲप अजून आहे, कारण सकाळी ती शाळेत असते.

आपल्यापैकी अनेकांनी २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, सहा-सात वर्षांच्या मुलांना आज्ञावली-लेखन शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिराती पाहिल्या असतील. काही पालकांनी त्यासाठी कर्ज काढून पैसे भरले, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिकपूर्व वर्गांत आज्ञावली-लेखनाचे उपक्रम असावेत, असे म्हटले. धोरणाला माझा विरोध नाही. पण घाईला आहे. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत चार वाक्ये सांगितली तरी ती आज्ञावली लिहून देते. मग मुलाने काय शिकायचे, असे पालक मला विचारतात. मी त्यांना भटारखान्यात पाठवतो. कणीक तीन वाजता भिजते, हे त्या बुद्धिमत्तेला कोणी सांगायचे? ते मावशींजवळ जाऊन, बसून, ऐकून आणावे लागते. ठोकळे जोडायला मुलाने अवश्य शिकावे, कारण यंत्र काय करू शकते आणि काय नाही, हे स्वतः जोडल्याखेरीज कळत नाही. गजर वाजला नाही ती रात्र त्या मुलीने अनुभवली नसती तर तिला पुढचे सुचलेच नसते.

आता विश्वस्तांना विनंती. स्पर्धा अवश्य भरवा, परंतु सभागृहात पाच मिनिटे ॲप दाखवून बक्षीस देण्याची पद्धत ठेवू नका. प्रवेशपत्राच्या पहिल्या पानावर, ही अडचण कोणाची आहे, हे लिहिलेले असावे आणि त्या व्यक्तीने ते वाचून किंवा ऐकून संमती दिलेली असावी. प्रदर्शन झाल्यावर तीन महिने थांबावे. त्यानंतर परीक्षकांनी त्या व्यक्तीच्या घरी जाऊन विचारावे, "अजून वापरता का?" जेथे मुलांनी ॲप सोडून चकत्यांची फळी लावली असेल, तेथेही पूर्ण गुण असावेत. यामुळे बक्षीस समारंभाचे छायाचित्र तीन महिने लांबेल, हे मला मान्य आहे.

संगणक कक्षाबाबत एवढेच म्हणेन की वीस नव्या यंत्रांऐवजी दहा घ्यावीत आणि समाजाला आवाहन करून घरोघरी पडून असलेले जुने मोबाइल जमा करावेत. त्यांतील जुनी माहिती पुसून द्यावी, हे ओघाने आलेच. ॲप चालते ते मोबाइलवर, आणि ज्यांच्या घरी एकच मोबाइल आहे त्या मुलांना तो मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी १७ मुलगे आणि ३ मुली होत्या. मी समजत होतो की मुलींना आवड नाही. एका आईने मला सांगितले, "सर, मोबाइल भावाला मिळतो. ती वर्गात जे शिकते ते घरी करून कशावर बघणार?" जुने आठ मोबाइल मिळाल्यावर पुढच्या वर्षी मुलींची संख्या ११ झाली. कुलूप लावायचे असेल तर त्या मोबाइलच्या पेटीला लावा, पण किल्ली मुलांपैकीच एकाजवळ असू द्या.

त्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाविषयी कोणी मला नंतर विचारू नये, ही नम्र विनंती. तो शिकतो आहे आणि त्याची चकती पुष्कळदा लाल असते, इतकेच सांगतो. इतरही अनेकांच्या असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

ती पहिली वही मी आज बरोबर आणली आहे आणि मा. अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. तिच्यात ६३ नोंदी आहेत. त्यांपैकी ९ नोंदींवर मुलांनी ॲप केले आणि त्यांतील ४ आज वापरात आहेत. शेवटची नोंद सहावीतील एका मुलाची आहे. ती या सभागृहाविषयी असल्याने वाचून दाखवतो. 'डाव्या बाजूच्या जिन्याला कठडा नाही. आजोबा कार्यक्रमाला येतात तेव्हा भिंतीला धरून चढतात. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, भीती वाटते. उपाय : ॲप नको. कठडा.' नोंदीला दीड वर्ष झाले आहे.